इनामदारांच्या मोटारीचं हँडल

लोक म्हणतात, झालं गेलं विसरावं. असं म्हणणाऱ्यांचं मनगट मोडलेलं नसतं. माझं मोडलं एकोणचाळीस साली, आणि पुढच्या तेरा वर्षांत मी ते एक दिवससुद्धा विसरलो नाही.

तेव्हा मी त्र्यंबकराव इनामदारांचा ड्रायव्हर होतो. नाव सयाजी, ते सया म्हणायचे. त्यांची मोटार जुन्या पद्धतीची, समोरून हँडल मारून सुरू करायची. तसल्या मोटारीत स्टिअरिंगखाली ठिणगीची एक दांडी असते. ती वर सारलेली असली की हँडल गुमान फिरतं. खाली ओढलेली राहिली तर इंजिन उलटा झटका देतं आणि धरणाऱ्याचा हात मोडतो. म्हणून आधी दांडी वर करायची, मगच हँडलला हात लावायचा. आणि अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. ही पहिल्या दिवसाची शिकवण.

त्या सकाळी इनामदार पुढच्या सीटवर बसले होते, मागे दोन पाहुणे. मी दांडी वर केली, पुढे जाऊन हँडलला जोर दिला, आणि तेवढ्यात काचेतून मला त्यांचा हात दांडी खाली ओढताना दिसला. पाहुण्यांना गंमत दाखवायची होती त्यांना. माझं हाड कातड्यातून बाहेर आलं. पाहुणे हसायचे थांबले, तेव्हा इनामदार म्हणाले, "सयाला अंगठा कुठं ठेवायचा त्येबी कळत न्हाय."

हे एक वाक्य कोल्हापूरभर झालं. हाड वाकडं जुळलं, तरी मला गाडी चालवता येत होती. पण ज्याला अंगठा सांभाळता येत नाही त्याला गाडी कोण देणार? मी खरं काय ते सांगायचो. लोक म्हणायचे, इनामदार कशाला खोटं बोलतील? शेवटी आण्णांच्या भंगाराच्या वखारीत जुन्या मोटारी फोडायला लागलो. तिथलं लोखंड भट्टीला जायचं. आण्णा माणूस वाईट नव्हते, पण सकाळी मी घण उचलला की रोज म्हणायचे, "सयाजी, अंगठा सांभाळ." सगळे हसायचे. मी ओतीव लोखंडाचं बीड वेगळं, पितळ वेगळं करत बसायचो आणि मनाशी म्हणायचो, ती मोटार एक दिवस इथंच येणार.

बावन्न साली आली. टायर कधीच गेले होते, म्हणून बैल जुंपून आणली होती. मागून इनामदार चालत आले. नव्या कायद्यानं इनामं जायची वेळ आली होती, पण फेट्याचा तुरा तसाच ताठ. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

"ही भंगार न्हाय. इंजिन ठणठणीत हाय," ते आण्णांना म्हणाले. "चालू गाडीचा भाव द्या."

"मग चालू करून दावा की. झाली तर गाडी म्हणून घेतो, न्हाईतर वजनावर." आण्णांनी टाकीत बाटलीभर पेट्रोल ओतलं.

गाडीवान बैलांना पाणी पाजायला गेला होता. इनामदारांची नजर माझ्यावर आली आणि त्यांनी मला ओळखलं. "सया, हँडल मार."

मी वाकडं मनगट पुढे केलं. "ह्या हातानं हँडल सोडलं, सरकार. तुमी मारा. मी वर बसतो."

सीटवर बसलो, दांडी वर सारली आणि हात तिच्यावरच ठेवला. खाली ओढायला एक बोट पुरलं असतं. खोटं कशाला बोलू, ओढायचं ठरवूनच मी बसलो होतो.

इनामदार वाकले, त्यांनी हँडल धरलं आणि मान वर केली. काच फुटलेली होती, त्यामुळे माझा हात त्यांना स्वच्छ दिसला.

"हात काढ तितनं."

"का, सरकार?"

"काढ म्हन्तो न्हवं."

"हात मोडतो त्यो अंगठ्यामुळं. तुमीच सांगिटलंय समद्यास्नी. अंगठा तेवढा नीट ठेवा की."

वखारीतले घण थांबले. इनामदारांच्या कपाळावर घाम आला होता. "तू दांडी खाली ओढशील," ते म्हणाले.

"आसं कोन करतंय व्हय, सरकार?"

इनामदार हँडल सोडून बाजूला झाले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "वजनावर घ्या."

खाई त्याला खवखवे. मी खाली उतरलो आणि आण्णांना दांडी दाखवली. "वरच हाय. मारलं आसतं तर चालू झाली आसती." मला आता ती ओढायची गरजच उरली नव्हती.

वजनावर विकणाऱ्याला काटा होईपर्यंत थांबावं लागतं, तसे इनामदार उन्हात थांबले. मी मोटार मुद्दाम सावकाश फोडली. दिवे, दारं, रेडिएटर, शेवटी इंजिन. प्रत्येक घावाला त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं. इतकं गोड काम मी जन्मात केलं नव्हतं. सगळं काट्यावर चढलं, एक हँडल तेवढं मी जमिनीवर ठेवलं.

"ते तुमी टाका, सरकार," मी म्हणालो.

इनामदारांनी वाकून हँडल उचललं. अंगठा त्याच्याभोवती गुंडाळलेला होता. सगळ्यांनी तो पाहिला.

"अंगठा सांभाळा, सरकार," आण्णा म्हणाले.