नाव तेवढं राहिलं

स्वतःच्या लहानपणावर लिहिलेलं अख्खं पुस्तक तिने रेकॉर्डिंगसाठी कपड्यांच्या कपाटात बसून मोठ्याने वाचलं, कारण लोंबत्या कोटांमध्ये आवाज घुमत नाही. बाबांच्या पट्ट्याच्या माराचं प्रकरण वाचतानाही तिची जीभ अडखळली नव्हती. बाबा पलीकडच्याच खोलीत असत. पण त्यांच्या कानाशी ढोल बडवला तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र त्यांनी “मी काय म्हातारा झालोय?” म्हणत खणात फेकलं होतं. तिच्या ते पथ्यावरच पडलं.

आज फक्त सुरुवातीची आणि शेवटची ओळ उरली होती: पुस्तकाचं नाव, लेखन आणि वाचन अमुकतमुक. छापील पुस्तकावर तिने टोपणनाव लावलं होतं, पण आवाजाला कुठलं टोपणनाव लावणार? खरं नावच सांगायचं ठरलं, आणि तिथेच गाडी अडली.

“बाई, नावाशी आलात की तुमचा आवाज पार विहिरीत जातो,” फोनवरून रेकॉर्डिंगवाला वैतागला. “स्वतःचंच आहे ना, चोरीचं तर नाही? पुन्हा घ्या.”

तिने पुन्हा घेतलं. आडनाव बाबांचंच होतं. कशीबशी ओळ संपवून, घामाने भिजलेली ती कपाटाचं दार ढकलून बाहेर आली.

समोर खुर्ची टाकून बाबा बसले होते. कानात यंत्र होतं.

“नाव तेवढं पुटपुटतेस,” ते म्हणाले. “बाकी सगळं रोज स्पष्ट ऐकू आलं.”