ऐकलं काय?

मलकापुरात इंग्रजी शिकवणारे भगवंतराव त्या दिवशी पाय ओढतच घरी आले. मुदतीच्या तापात बायकोचे, बनाबाईचे, कान गेल्यापासून त्यांचा घसा कायमचा बसलेला. लग्नापासून तिला त्यांची एकच हाक, "ऐकलं काय?" तीच आता वाया जायची. मग उठायचं, खांद्याला हात लावायचा आणि उजव्या कानाशी ओरडायचं. त्या कानात अजून थोडं पोचत होतं.

आज वर्गात 'डार्लिंग' शब्द निघाला होता. पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. भगवंतरावांनी पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, की हा शब्द हजार वर्षांहून जुना. 'डिअर' म्हणजे प्रिय, त्याला लाडाचं शेपूट लागलं, 'डकलिंग' या बदकाच्या पिल्लाच्या नावाला लागतं तसलंच. 'स्वीटहार्ट' आधी दोन सुटे शब्द होते, गोड काळीज. आणि 'हनी' म्हणजे तर सरळ मधच.

बनाबाई मागच्या ओट्यावर बसून अंबाडीची भाजी निवडत होती, पाठमोरी. दारात उभं राहून ते हळूच म्हणाले, "डार्लिंग." तिला ऐकू येणार नव्हतं, म्हणूनच धीर झाला.

तेवढ्यात ती वळली. "काय म्हणता?"

"काही नाही."

"ओठ हालले तुमचे."

आता सुटका नव्हती. ते कानाशी वाकले. "इंग्रज लोक बायकोले डार्लिंग म्हणतात. म्हणजे लाडकी." लाडकी त्यांना दोनदा ओरडावं लागलं. भिंतीपलीकडे गहू पाखडणाऱ्या शेजारच्या अख्तरीचं सूप थांबलं.

बनाबाई भाजीकडे बघत राहिली. "हे तुमाले आधीपासून ठाऊक होतं?"

"दरसाल शिकवतो."

"मले कान होते तवा सांगाचं होतं."

रागावून नव्हती बोलली. भगवंतराव तिच्या समोर बसले आणि थोडी भाजी पुढ्यात ओढून देठं खुडू लागले.

खुडलेली देठं बाजूला सारत ती म्हणाली, "नुसतं बना म्हणत जा. माय म्हणे तसं."

"तुले ऐकू कसं येईन?" पुढे वाकून ते तिच्या कानाशी ओरडले.

"येत नाही. ब म्हणतांना ओठ मिटतात. मले दिसते."

तिचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलं नव्हतं. त्यांनी आवाज न काढता नुसते ओठ हलवले.

"हाव," ती मान डोलावत म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.