कपाटाच्या पायाखालचे पाणी

मित्रांनो, मी भाजलेल्या मातीची एक जुनी वाटी आहे. थायलंडच्या ईशान्येला, मून नदीकाठच्या एका कुंभाराने मला घडवले. माझ्या मधोमध उंचवटा आहे. त्यावर जेवणाच्या कपाटाचा पाय टेकतो आणि भोवतीच्या खळग्यात पाणी असते. मुंग्या काठापर्यंत येतात आणि माघारी फिरतात. बुआलाय आजीच्या घरी आम्ही चौघी बहिणी वर्षानुवर्षे चार पायांखाली हेच काम करत आलो. "माझ्या चिकट भाताला आजवर मुंगी शिवली नाही," असे आजी शेजारणींना ऐकवायची, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

पण मुंग्यांना अडवणारे ते पाणी डासांना आवडत होते. पायांवर पांढरे पट्टे असलेली एक डासीण माझ्या कडेला अंडी चिकटवून गेली. त्यांतून अळ्या निघाल्या, वळवळू लागल्या. मला सगळे कळत होते. पण वाटीने ओरडायचे कसे?

आजीची थोरली नात रुंग एकदा शाळेतून धावतच आली. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात वाढतो, हे ती त्याच दिवशी शिकली होती. तिने रांजण झाकले, फुलदाण्या रिकाम्या केल्या आणि मग ओणवी होऊन माझ्याकडे हात घातला.

"ए रुंगे, ते पाणी सांडू नकोस!" आजी कडाडली.

"अगं, बाई म्हणाल्या, दर आठवड्याला ओतून टाकायचं."

"तुझ्या बाईंच्या घरी मुंग्या नसतील. इथं भात कोण राखणार, तू?"

चार वर्षांची धाकटी नोय खिदळली, "ताई मुंग्या हाकलणार! काठी घेऊन!"

रुंगलाही हसू आले. तिने हात मागे घेतला.

नोय दुपारी कपाटाशेजारीच बाहुलीला भरवत बसायची. माझ्यातून उडालेले डास तिला भरदिवसा चावले. तिला ताप चढला. मग तो उतरला, तेव्हा आजी म्हणाली, "सुटलो बाई!" पण तेव्हाच नोयचे पोट दुखू लागले, हिरड्यांतून रक्त आले. तिला उचलून दवाखान्यात नेले.

आज आजी कपडे न्यायला घरी आली. "डॉक्टर अजून काही सांगत नाहीत गं," असे रुंगला म्हणत तिने भाजलेले केळे कपाटात ठेवले. "नोय आली की पहिलं हेच मागेल. मुंग्या लागायला नकोत." आणि तिने आम्हा चौघींत काठोकाठ पाणी ओतले. माझ्या कडेला चिकटलेली, सुकूनही जिवंत राहिलेली अंडी त्यात भिजली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी वाटी असेल, तर आठवड्यातून एकदा तिचे पाणी ओतून टाका, कडा खसाखसा घासा आणि नव्या पाण्यात दोन चमचे मीठ घाला. मुंग्या अडतील, अळ्या जगणार नाहीत.

रुंग आता गुडघ्यांत डोके घालून माझ्याजवळच बसली आहे. तिच्या पोटऱ्या उघड्या आहेत. पोरी, एकदा खाली माझ्या पाण्यात बघ ना.