इस्त्रीवाल्या आजोबांच्या पाठीतला मी

मी कांजिण्यांचा एक जुना विषाणू आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका; एकसष्ट वर्षांत माझ्याशी कुणी एक शब्द बोललेलं नाही. एका इस्त्रीवाल्या आजोबांच्या पाठीत, कण्याजवळ, मज्जातंतूच्या एका पेशीत मी एकटा राहतो.

मला हात नाहीत, पोट नाही, आणि स्वतःच्या बळावर मला दुसरा मी घडवता येत नाही. माझ्याजवळ असते फक्त तो घडवण्याची कृती आणि वर एक आवरण. आजोबा सहा वर्षांचे असताना मी त्यांच्या एका पेशीला चिकटलो, आवरण टाकून आत शिरलो आणि माझी कृती तिच्या केंद्रकात पोचवली. बिचारी पेशी ती आपलीच समजून तिच्या नकला काढत बसली, माझी आवरणं तयार करत बसली. आयत्या बिळात नागोबा म्हणतात, तो मीच. बघता बघता आम्ही हजारो झालो आणि पेशी मेली. मग अंगातल्या शिपायांनी माझी भावंडं हुडकून मारली. मी तेवढा इथे लपलो आणि गप्प पडून राहिलो.

यंदा आजोबा थकले, शिपाईही थकले. मी हळूच जागा झालो, पुन्हा नकला काढून घेतल्या आणि मज्जातंतूवरून कातडीपर्यंत आलो. डाव्या बरगडीवर फोडांचा पट्टा उठला. आजोबा म्हणाले, "इस्त्रीचा चटका असेल. रोजचंच आहे." दोन दिवस ते त्यावर मलम लावत राहिले.

तिसऱ्या दिवशी मुलगी नऊ दिवसांच्या बाळाला घेऊन आली. आजोबांनी हात पुढे केले. मला सोबत हवी होती, मित्रांनो, खोटं कशाला बोलू.

आजी मध्ये आली. "शर्टाच्या आत चटका कसा बसला हो? आधी डॉक्टरांकडे चला."

"अगं, एकदा घेऊ तर दे."

"नाही म्हणते ना."

डॉक्टरांनी तपासलं, तर ती नागीण निघाली, म्हणजे पुन्हा जागा झालेला मीच. मुलीला कांजिण्या कधी झाल्याच नव्हत्या, लसही नव्हती. औषध लिहून देत डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे बाळालाही आईकडून काही संरक्षण नाही. फोडातलं पाणी लागलं तर त्या जिवाला झेपायचं नाही. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत लांब राहा."

आजोबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. बाळ रडलं की उठायचे, उंबऱ्यापर्यंत यायचे, परत जाऊन बसायचे. एकटेपण मला कळतं, म्हणून मला त्यांची दया आली.

काल मुलगी बाळाला घेऊन घरी गेली. आजोबांचे दोन फोड अजून ओले होते. म्हणून सांगतो, मित्रांनो, अंगावर असं काही उठलं तर अंदाज बांधत बसू नका, पहिल्याच दिवशी दाखवा. औषध दोन दिवस आधी सुरू झालं असतं, तर आजोबांना नातीला एकदा तरी घेता आलं असतं.