आमच्या घरातली गाठ

आमचे अण्णा, म्हणजे झुंबरअण्णा, पन्नास वर्षं येवल्यात पैठणी विणतायत. खुब्याचं हाड मोडलं म्हणून त्यांना नाशिकला आणलं. ऑपरेशन झकास झालं. मी गावभर फोन करून सांगितलं, मेली माझीच दृष्ट लागली!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर म्हणतात, "बाई, सरका जरा. मागावर उजेड येऊ द्या."

मला! पोटच्या पोरीला बाई!

मग त्यांनी सलाईनची नळी चिमटीत धरली. "तार तुटलीय," म्हणत नळीला गाठ मारायला लागले आणि उरलेलं टोक दातानं तोडायला गेले. सुई निघाली, चादर रक्तानं भरली.

डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, उतरेल, जवळ बसून बोलत राहा. बोलले की! त्यांना चष्मा लावला, आईच्या गोष्टी सांगितल्या, घसा बसला. कशाचं काय! दुपारपर्यंत तीन सुया उपटल्या आणि तापही चढला.

मोहिनी सिस्टर बिचारी भली, पण तीस पेशंटना दोघीच जणी. "ताई, ही शेवटची शीर सापडलीय. ही गेली तर औषध कुठून देऊ? हात बांधावे लागतील."

तिनं पट्टीनं दोन्ही हात कॉटला बांधले. अण्णांनी बोटं वाकवून मिनिटात गाठ सोडली. पुन्हा बांधले, पुन्हा सोडली. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर अभिमानच वाटला. केसासारख्या रेशमाच्या गाठी सोडवणारा माणूस तो, त्याला पट्टीची काय मातब्बरी?

पण त्यांचा हात पुन्हा सुईकडे गेला आणि माझं डोकंच फिरलं. "द्या इकडे," मी म्हटलं.

मनगटाखाली कापूस ठेवला आणि आमच्या घरातली गाठ मारली. ओढाल तितकी आवळणारी. मी दहा वर्षांची असताना अण्णांनीच माझं बोट धरून शिकवली होती.

त्यांनी ओढून पाहिलं. सुटेना. मग माझ्याकडे बघून रडायलाच लागले. "बाई, पाया पडतो तुमच्या. एवढी तार जोडू द्या."

"अण्णा, अहो मी मीना!"

"मीनालाच बोलवा. ती सोडवंल मला."

तीन दिवस ते मीनाला हाका मारत होते आणि मी तिथंच, स्टुलावर. औषध जाताना दिसत होतं म्हणून मी गाठ सोडवत नव्हते. देवा, वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

चौथ्या दिवशी ताप उतरला. सिस्टरनं कात्रीनं पट्ट्या कापल्या. डोळे उघडून अण्णा म्हणाले, "मीने, कवा आलीस गं?" मी ढसाढसा रडले.

"लय बांधून ठिवलं मला इथं," ते मनगट चोळत म्हणाले.

"भ्रम झाला होता तुम्हाला, अण्णा."

"आसंल."

कॉटच्या दांडीला पट्टीचा तुकडा तसाच लटकत होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि गाठीवरून अंगठा फिरवत राहिले. मी भिंतीकडे बघत होते.

"ही तर आपल्या घरातली हाय," ते हळूच म्हणाले.

कोणी मारली ते विचारलं नाही. विचारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तरी बरं झालं असतं. मी चहाचा कप पुढे केला. त्यांनी दोन्ही हात पांघरुणात घेतले, ते काही बाहेर काढले नाहीत.