वाटीतली अक्षत

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. पण ज्या दिवसांची गोष्ट सांगते आहे, त्या दिवसांत मला मोटरसायकल म्हणावं असं माझ्यात काही उरलं नव्हतं. उज्जैनच्या माधव नगरात, एका घराच्या पुढच्या पडवीत, मी जुन्या चादरीवर तुकड्यातुकड्यांनी पसरले होते. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, चाकं भिंतीला टेकलेली आणि इंजिन पाटावर. असं उघडं पडून राहणं फार भीतीचं असतं. उघडणारा आपल्याला पुन्हा जोडील की नाही, हे आपल्या हातात नसतं.

मला उघडलं होतं यज्ञेश्वररावांनी. तेच माझे पहिले आणि एकुलते मालक. वीज मंडळात नोकरी लागली तेव्हा त्यांनी मला घेतलं. मी काळी कुळकुळीत होते. माझी किक आणि गिअर एकाच दांड्यात. नवखा माणूस गोंधळून जाई आणि यज्ञेश्वरराव मिशीत हसत. लग्नानंतर अहल्याबाई उज्जैनमधल्याच देवास गेटच्या बस स्टँडवरून माझ्यावर बसूनच या घरी आल्या. सिंहस्थाच्या गर्दीत मी तारांची भेंडोळी वाहिली. पेट्रोल पंपावर लोक माझा आवाज ऐकायला थांबत.

मग स्कूटर आली. मुलाची, आल्हादची, कार आली. मला जिन्याखाली ढकललं गेलं. माझ्या सीटवर पापड वाळले, हँडलला छत्र्या लटकल्या, टाकीला गंज चढला. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. विसरले, एवढंच.

पुढे यज्ञेश्वररावांना कमी ऐकू येऊ लागलं. कानात यंत्र आलं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला नको म्हणून घरातले त्यांच्याशी कमी बोलू लागले. तेव्हा एक दिवस त्यांनी मला जिन्याखालून बाहेर काढलं आणि हातात पाना घेतला.

पावसाळा आला आणि गेला, तरी मी चादरीवरच होते.

“बाबा, आता या खटाऱ्याला राहू द्या ना,” आल्हाद म्हणाला. “पडवीत पाय ठेवायला जागा नाही.”

“दसऱ्याला देवासला जाणार. माझ्या ताईला सोनं द्यायला. हिच्यावरच.”

“आणि नाही पोचली तर?”

“तर तू म्हणशील तसं.”

“मग कबाड्याला बोलावून भंगारात देतो. पक्कं?”

“पक्कं.”

आतून अहल्याबाई म्हणाल्या, “शर्त गाडीची लावताय की माझी? मागे तर मीच बसणार ना.”

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण खरी काळजी खंडेनवमीला सुरू झाली.

खंडेनवमीला या घरात हत्यारांची पूजा होते. पूजेत ठेवलेली वस्तू त्या दिवशी उचलायची नाही, असा इथला रिवाज. अहल्याबाईंनी विळी, सुरी, कात्री पाटावर मांडली. यज्ञेश्वररावांनी पाने आणि पक्कड आणून ठेवली.

“आणि हिचं काय?” अहल्याबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“ती जोडलेली कुठे आहे अजून.”

“नसू दे. घरचीच आहे.”

त्यांनी माझ्या एकेका तुकड्याला हळदकुंकू लावलं. इतक्या वर्षांत असा हात मला लागला नव्हता. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा माझा भाग, उघडा पडला होता. त्याची खालची वाटी अगदी देवापुढच्या वाटीसारखी दिसते. वाटी दिसली की तिच्यात काहीतरी घालायचं, हा अहल्याबाईंच्या हाताचा स्वभाव. त्यांनी ओल्या कुंकवाच्या अक्षतांची चिमूट तिच्यात सोडली. यज्ञेश्वरराव हात जोडून पाहत होते. त्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही.

वाटी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहिली. कुंकू वाळलं.

दसऱ्याला पहाटेच उठून यज्ञेश्वररावांनी मला घाईघाईने जोडलं; कार्बोरेटर तेवढा शेवटी राहिला. त्यांनी वाटी उलटी करून ठोकली. तांदूळ खाली पडले. एक दाणा मात्र कोपऱ्यात चिकटून राहिला. दातात अडकलेल्या कणासारखा तो मला कळत होता. नीट पाहा, आत पाहा, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिले. त्यांनी वाटी बसवली आणि स्क्रू आवळले.

मी किकसरशी सुरू झाले. शेजारचे शैलेंद्र धावत आले. “क्या बात है, अंकलजी, ये तो बोल पड़ी!” आल्हादनेसुद्धा हसत मोबाइल बाहेर काढला. सगळे खूश होते आणि मी भीतीने गोठले होते. उभ्या उभ्या मला थोडंसंच पेट्रोल लागतं, ते वेगळ्या वाटेने येतं. वेगात मात्र ते वाटीच्या तळातल्या बारीक छिद्रातून वर चढतं. माझं तेलही त्या पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. छिद्र बंद झालं तर पिस्टन कोरडा पडतो, तापतो, जाम होतो. मग मागचं चाक जागीच अडतं आणि बसणारे रस्त्यावर फेकले जातात.

हेल्मेट घालताना यज्ञेश्वररावांनी कानातलं यंत्र काढून अहल्याबाईंच्या पर्समध्ये ठेवलं.

“आता मी काही बोलले तर?” त्यांनी कानाशी तोंड नेऊन विचारलं.

“पाठीवर थाप मार.”

“ती तर मी कधीपासून मारायची म्हणतेय.”

आम्ही निघालो. गावात मी हळू होते. देवासच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळला. पेट्रोलने सुटलेला तो दाणा सरकत सरकत छिद्रावर आला. मला आतून कोरडं वाटू लागलं. मागे एक ट्रक होता. खोकले तर शर्त हरणार, मी भंगारात जाणार. गप्प राहिले तर हे दोघं पडणार. मित्रांनो, मग मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्याजवळ होता नव्हता तेवढा आवाज काढून मी खोकले.

यज्ञेश्वररावांना ऐकू गेलं नाही.

“अहो, हिचा आवाज बदलला,” अहल्याबाई ओरडल्या आणि त्यांनी थाप मारली. ठरलेली खूण विसरून, बायको खुशीत आली असं समजून यज्ञेश्वररावांनी वेग वाढवला. मी पुन्हा खोकले. तेव्हा अहल्याबाईंनी दोन्ही मुठींनी त्यांच्या पाठीवर मारायला सुरुवात केली. दचकून त्यांनी क्लच दाबला. त्याच क्षणी माझा पिस्टन अडकला. क्लच दाबलेला होता, म्हणून चाक मोकळं राहिलं. आवाज बंद झालेल्या मला त्यांनी कडेच्या मातीत उतरवलं. ट्रक भोंगा वाजवत बाजूने निघून गेला.

यज्ञेश्वररावांनी हेल्मेट काढून कानात यंत्र घातलं. मग स्क्रू सैल करून वाटी काढली आणि तळहातावर रिकामी केली. लाल दाणा पाहून अहल्याबाई तिथेच खाली बसल्या.

“मीच घातल्या होत्या अक्षता.”

“तू पूजा केलीस. धुवायचं काम माझं होतं,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

फोन केल्यावर आल्हाद लोडिंग रिक्षा घेऊन आला. आधी त्याने दोघांचे हातपाय चाचपून पाहिले, मग मला वर चढवलं.

“भैया, कहाँ छोड़ना है?” रिक्षावाल्याने विचारलं. “कबाड़ी तो रास्ते में ही पड़ेगा.”

आल्हादने वडिलांकडे पाहिलं. यज्ञेश्वररावांनी मान खाली घातली. “तू म्हणशील तसं. बोललो होतो मी.”

“शर्त तुम्हा दोघांची,” अहल्याबाई उठत म्हणाल्या. “मला कुणी विचारलं होतं? तिने आवाज दिला म्हणून आपण उभे आहोत.” आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, “माधव नगर, भैया. और धीरे चलाना.”

आल्हाद रिक्षात चढला. मला हलवून पाहत म्हणाला, “आई, ती दोरी इकडे दे. असं बांधलं तर पडेल ही.”

आता मी पुन्हा चादरीवर आहे. पिस्टनवर खोल ओरखडे आहेत. दुसरा मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. भीती अजून आहेच. पण पडवीत आता दोन पाट असतात. यज्ञेश्वरराव कानात यंत्र घालून बसतात आणि अहल्याबाई तुकडे डिझेलमध्ये धुऊन उजेडाकडे धरतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुनी यंत्रं असतील, जुनी माणसं असतील. त्यांना काय होतंय ते नेहमी सांगता येत नाही. त्यांचा आवाज मात्र बदलतो. तो बदलला, की कितीही घाई असो, थांबा आणि विचारा.

“हा कुठला?” अहल्याबाई विचारतात.

“गिअरचा.”

“मग अजून एकदा धुते.”