काढताना

…जखमेवर लावायच्या डिंकाच्या पट्टीचा नखाएवढा पारदर्शक तुकडा. काचपट्टीवर एका बाजूनं किंचित उचललेला, आणि त्या कडेखाली कातडीचा पापुद्रा. पाहणाऱ्याला दिसेल असा. सर पाहत नव्हते. अहवाल उघडा, त्यावर आडवं ठेवलेलं पेन, आणि तिच्या सहीची जागा कोरी.

"अहो बाई," शेवटी सरच म्हणाले, "चिकटायचं काम त्या डिंकाचं. तुम्ही कशाला चिकटून बसलात?"

ती हसली, सवयीनं. प्रयोगशाळेत आपल्याला 'गोगलगाय' म्हणतात हे तिला ठाऊक होतं — पावलांचा आवाज नाही, तोंडाचा नाही, आणि चार वर्षं गोगलगायींचाच चिकट स्राव तपासते म्हणून. त्या स्रावावर बेतलेला हा डिंक वाहत्या रक्तावरही धरतो; उंदराच्या यकृताच्या जखमेतलं रक्त दहा आकडे मोजायच्या आत थांबलं, तेव्हा ती जिन्यात जाऊन एकटीच रडली होती, आनंदानं. धरणं त्याला येतं. सोडणं येत नाही. आठ म्हाताऱ्या उंदरांपैकी दोघांची कातडी पट्टीबरोबर निघाली; आणि अहवालात सरांनी घातलेलं वाक्य होतं : काढताना इजा होत नाही. निरीक्षणं तिची, म्हणून सही तिची. पुढच्या आठवड्यात पट्टी माणसांवर.

"आठांत दोन," सर म्हणाले. "तेही म्हातारे."

म्हातारे… तिला दवाखाना आठवला. आईच्या मनगटावरची चिकटपट्टी नर्सनं झटक्यात ओढली, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी तिच्यासोबत गेली — आई उलट नर्सलाच समजावत होती, असू दे गं पोरी, तुझी काय चूक. आणि मी? मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी होते. त्या गप्प राहण्याला मी इतकी वर्षं स्वभाव म्हणत आले. पण काचेखाली रोज पाहिलंय मी — स्वस्थ असताना गोगलगाय हा डिंक सोडतच नाही. डिवचलं, की तो पाठीवर उमटतो, असा घट्ट, की खायला आलेल्याचा जबडाच मिटावा.

तिनं पेन उचललं. वाक्यावर रेघ ओढली, खाली लिहिलं : वृद्ध त्वचेवर काढताना इजा होते, आठांत दोन. आणि सही केली, पूर्ण नावानिशी.

"हे काय केलंत?"

"सही. मागितली होतीत ना."

"रक्त जाऊन माणसं मरतात, बाई! आणि तुम्ही कातडीचं रडगाणं—"

"मरू नयेत म्हणूनच चार वर्षं घातली मी. पट्टी पुढे जाऊ द्या, सर. खोटं वाक्य नको." आवाज आपलाच आहे हे तिला क्षणभर पटेना. "तुमच्या आई ब्याऐंशीच्या ना? त्यांच्या हातावर लावू एक? मीच काढते, हलक्या हातानं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. मग अहवाल तिथंच ठेवून ते दाराकडे वळले. उद्या ही खुर्ची असेल, नसेल — पण तिनं सही केलेलं पान मिटलं नाही. उजेडात उघडं राहू दिलं, आणि बुटांचा आवाज दूर जात असताना दाराकडे पाहत राहिली, सरांचं उत्तर मिळणं आपला हक्क असल्यासारखी.